राघू आणि तोई

हातकणंगले तालुक्यात शाळू हुरड्याला आला, की राघूंचे थवे शिवारावर उतरू लागतात. राखणदार माळ्यावर चढून गोफण फिरवितो, डबा वाजवितो. थवा कर्कश ओरडत उठतो आणि पलीकडच्या शेतात जाऊन बसतो. खाण्यापेक्षा नासाडी करण्यातच या पाखराचे कौशल्य अधिक! चार दाणे टिपावेत, उरलेले खाली सांडावेत आणि दुसऱ्या कणसाकडे वळावे, असा त्याचा क्रम असतो. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्यामुळे तो पायाचा उपयोग हातासारखा करतो.

परंतु प्रत्येक हिरवा थवा राघूंचाच असतो असे नाही. राघूचा एक जवळचा भाऊबंद आहे. त्याला तोई पोपट म्हणतात. हातकणंगल्याच्या पश्चिमेस पन्हाळ्याकडे आणि नैऋत्येस राधानगरीकडे जसजशी झाडी वाढत जाते, तसतसा तो अधिक आढळतो. 'टुई? टुई?' असा प्रश्न विचारल्यासारखा त्याचा सूर असतो. नावही त्यावरूनच पडले असावे.

शेपटी धरून राघू सुमारे ४० सेंटिमीटर भरतो. तोई त्याहून लहान व सडपातळ. राघूची चोच लाल, तर तोईची पिवळसर. राघूच्या नराच्या गळ्याभोवती काळा व गुलाबी कंठ असतो. मादीला तो नसतो. तरुण नरालाही पहिली दोन-तीन वर्षे नसतो. म्हणून बिनकंठाचा राघू दिसला, की ती मादीच, असे समजू नये. (लोकगीतांत राघूची जोडीदारीण मैना असते, पण मैना हे अगदी निराळ्या कुळातले पाखरू आहे.) तोईच्या नराचे मस्तक पिकल्या आलुबुखाराप्रमाणे तांबूस-जांभळे असून खांद्यावर तांबडा ठिपका असतो. मादीचे मस्तक निळसर राखी व गळा पिवळसर असतो. ती दोघे शेजारी बसली, तर ती दोन निरनिराळ्या जातींची वाटतात. उडत्या थव्यात रंग दिसत नाहीत; तेव्हा शेपटीची पांढरी टोके पाहावीत. ती तोईची खूण होय.

दोघेही घरटे विणीत नाहीत. झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. सुतार किंवा तांबट पक्ष्याने कोरलेली जुनी ढोलीही त्यांना चालते. ढोली न मिळाल्यास राघू पडक्या वाड्याच्या भिंतीतील भोकातही संसार थाटतो. माणसाच्या वस्तीला तो इतका सरावला आहे, की पिंजऱ्यांतून सुटलेल्या राघूंची प्रजा १९७० च्या सुमारापासून थेट लंडनच्या बागांतही वाढली. तोईला हे साधत नाही. त्याला झाडीच लागते. आतून पोकळ झालेले जुने झाड निरुपयोगी म्हणून तोडले जाते, तेव्हा त्याचे घरच नाहीसे होते.

यांपैकी कोणताही पोपट पकडणे, विकणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज गुन्हा आहे. तरीही चोरून पिल्ले काढली जातात. ती काढताना ढोलीचे तोंड फोडून मोठे केले जाते, आणि मग पुढच्या वर्षी ती ढोली कोणत्याच जोडीच्या उपयोगी पडत नाही.