पिठावरची पावलं

भुताचा सिनेमा म्हटलं की आमच्या पिढीला आठवतो तो रामसे बंधूंचा जुना वाडा आणि करकरणारं दार. लहानपणी जत्रेतल्या तंबूत असला एक सिनेमा पाहून मी आठवडाभर आईला चिकटून झोपले होते. पुन्हा या वाटेला जायचं नाही, असं तेव्हाच ठरवलं. पण पुण्याला शिकणारी लेक सुटीत आली आणि म्हणाली, "आई, एक बघच. तासाभराचासुद्धा नाही."

तो होता २०२० सालचा 'होस्ट'. इंग्लंडमधला लॉकडाऊन. काही मित्रमैत्रिणी व्हिडिओ कॉलवर जमतात आणि गंमत म्हणून आत्म्याला बोलावतात. गोष्ट एवढीच. दिग्दर्शक रॉब सॅव्हेज कलाकारांच्या घरी जाऊच शकत नव्हता, कॉलवरूनच सूचना द्यायचा. कॅमेरा, दिवे, बारीकसारीक करामती ज्याच्या त्यानं आपापल्या घरात करायच्या. कल्पना सुचल्यापासून बारा आठवड्यांत सिनेमा तयार! त्यातली एक मुलगी जमिनीवर पीठ पसरते आणि त्यावर पावलं उमटतात. आपण गौरीची पावलं किती हौसेनं काढतो हो, पण ही पाहून माझ्या हातातला चहा निवला. पैसा नसला की डोकं चालतं, हे शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी लेकीनं 'सेंट मॉड' लावला. रोझ ग्लास या तरुण दिग्दर्शिकेचा हा पहिलाच मोठा सिनेमा, २०१९चा. (पुढे २०२४ मध्ये क्रिस्टन स्टुअर्टला घेऊन तिचा 'लव्ह लाइज ब्लीडिंग' आला.) स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात मॉड नावाची नर्स एका आजारी नर्तकीची सेवा करायला तिच्या घरी जाते. बाईला कॅन्सर, दिवस थोडे. मॉडला वाटतं, देव आपल्याशी बोलतो आणि हिचा आत्मा वाचवायचं काम त्यानं आपल्यावर सोपवलंय. शेवट सांगत नाही. पण मला भीती वाटली ती वेगळ्याच ठिकाणी. एका रात्री मॉड पबमध्ये जाते. शेजारच्या टेबलावर माणसं हसतात, तीही हसून बघते. कुणी तिला आपल्यात घेत नाही. भूत नाही, रक्त नाही, आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

सासूबाई अकरा महिने अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी ठेवलेल्या बाईंना आम्ही सगळे 'मावशी' म्हणायचो. अंग पुसणं, कूस बदलणं, रात्रीचं जागरण, सगळं त्यांनी केलं. त्यांचा डबा मी रोज भरायचे, पण त्या घरी जाऊन कुणाशी बोलतात, हे कधी विचारलं नाही. सासूबाई गेल्या, तेराव्याला हिशेब चुकता केला, संपलं. फोनमध्ये अजून 'मावशी सासूबाईंच्या' असाच नंबर आहे. नावही नाही.

परवा लावला. "कोण?" म्हणाल्या. मी सांगितल्यावर क्षणभर गप्प, मग घाबरून, "काय झालं ताई? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही," म्हटलं. "चहाला या."

येत्या रविवारी यायच्या आहेत. लेकीच्या यादीत अजून प्रानो बेली-बाँड या वेल्सच्या दिग्दर्शिकेचा २०२१चा 'सेन्सॉर' आहे. त्यात भीतीचे सिनेमे कापणारी बाईच घाबरते म्हणे. बघणार आहे, पण दिवसाढवळ्या!