‘ओ’क्लॉक’ : कानांनी ऐकण्याची वेळ

लखनऊच्या हुसैनाबाद परिसरात, छोट्या इमामबाड्याजवळ २२१ फूट उंचीचा एक मनोरा उभा आहे. १८८१ च्या सुमारास पावणेदोन लाख रुपये खर्चून बांधलेल्या या मनोऱ्याला इंग्रजीत ‘क्लॉक टॉवर’ म्हणतात आणि लखनऊकर त्याला ‘घंटाघर’ म्हणतात. ही दोन नावे वेगळी वाटली, तरी त्यांचा मूळ अर्थ एकच आहे.

‘क्लॉक’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील ‘क्लोका’, म्हणजे घंटा, या शब्दापासून आला. फ्रेंचमधील ‘क्लोश’ आणि जर्मनमधील ‘ग्लोके’ या शब्दांचा अर्थ आजही घंटा असाच आहे. युरोपातील आरंभीच्या अनेक यांत्रिक घड्याळांना तबकडी व काटे नव्हते. ती केवळ ठोके देत. इंग्लंडमधील सॉल्सबरी कॅथीड्रलमधील घड्याळ याच प्रकारचे आहे. सर्वसामान्यांसाठी वेळ ही पाहण्याची नव्हे, तर ऐकण्याची गोष्ट होती.

‘फोर ओ’क्लॉक’ हे ‘फोर ऑफ द क्लॉक’ या शब्दप्रयोगाचे संक्षिप्त रूप होय. सूर्याच्या स्थितीवरून नव्हे, तर घड्याळानुसार चार, असा त्याचा अर्थ. चौदाव्या शतकातील कवी चॉसरच्या लेखनातही हा प्रयोग पूर्ण रूपात आढळतो. प्रमाण इंग्रजीत ‘ओ’क्लॉक’ केवळ पूर्ण तासासाठी वापरतात. साडेचार किंवा सव्वाचार सांगताना तो येत नाही. तसेच ‘एएम’ किंवा ‘पीएम’ यांच्या जोडीलाही तो सहसा वापरला जात नाही.

भारतीय भाषांनीही हीच वाट चोखाळली. हिंदीत ‘घंटा’ म्हणजे वाजणारी वस्तू आणि साठ मिनिटांचा काळही. मराठीतील ‘तास’ ही मूळची ठोके देण्याची धातूची थाळी होती. पुढे दोन ठोक्यांमधील काळालाच ते नाव मिळाले. त्यापूर्वी पाण्यावर ठेवलेले सच्छिद्र घटिकापात्र भरून बुडाले, की चोवीस मिनिटांची एक घटका पूर्ण होई. म्हणूनच आपण आजही ‘घटका भरली’ म्हणतो. ‘चार वाजले’ आणि ‘चार बजे’ यांतही घंटेचाच नाद आहे.

हुसैनाबादच्या घड्याळाची यंत्रसामग्री लंडनहून आणण्यात आली होती. त्याचा लंबक चौदा फुटांचा, तर तबकडी बारा पाकळ्यांच्या फुलासारखी आहे. १९८४ मध्ये हे घड्याळ बंद पडले. सुमारे २७ वर्षांनी, २०११ मध्ये, दुरुस्तीनंतर ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात मनोरा मुका होता. तरी शहरात रोज चार ‘वाजत’च होते. घंटा थांबली, तरी भाषेतील तिचा ठोका थांबत नाही.