मोफत ज्ञान आणि मुक्त ज्ञान : मोबाईलवर शिकताना हा फरक का समजून घ्यावा?



नेर तालुक्यात गृहपाठ तपासताना एक उत्तर हमखास ऐकू येतं, "सर, नेट संपलं होतं." त्याच्या पाठोपाठ दुसरं, "बाबा मोबाईल वावरात घेऊन गेले होते." आधी वाटतं, पोरं कारणं सांगतात. पण सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचणीत घरातला एकुलता एक मोबाईल सकाळीच वावरात जातो आणि अंधार पडल्यावर परत येतो, हे आपल्यालाही माहीत आहे. मग "इंटरनेटवर शोधून लिहा" असा गृहपाठ न करणारं मूल आळशी की अडलेलं? आज याच प्रश्नाच्या निमित्ताने मोबाईलवरच्या मोफत ज्ञानाची गोष्ट समजून घेऊ या.

झिरो रेटिंग म्हणजे काय?

एखादी वेबसाइट उघडली तरी तुमच्या पॅकमधला डेटा कापला जात नाही, अशी सोय मोबाईल कंपनीने दिली तर तिला झिरो रेटिंग म्हणतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१२ मध्ये 'विकिपीडिया झिरो' हा उपक्रम याच पद्धतीने सुरू केला. विकसनशील देशांतल्या गरीब माणसालाही ज्ञानकोश वाचता यावा, हा हेतू होता.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनजवळच्या सिनेनजोंगो हायस्कूलच्या मुलांनी आपल्या देशातल्या मोबाईल कंपन्यांना एक खुलं पत्र लिहिलं. आमच्या शाळेत ग्रंथालय नाही, पण मोबाईल बऱ्याच जणांकडे आहे, तेव्हा आम्हाला विकिपीडिया मोफत वाचू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या वर्गातल्या मुलांपेक्षा काही वेगळी अडचण नव्हती त्यांची!

हा उपक्रम एकूण ७२ देशांत आणि ९७ मोबाईल कंपन्यांपर्यंत पोचला. भारतात २०१३ मध्ये एअरसेल कंपनीबरोबर तो सुरू झाला होता. २०१८ मध्ये फाउंडेशनने तो जगभर बंद केला.

मग भारताने 'नाही' का म्हटलं?

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' ही योजना आणली. सुरुवातीच्या राज्यांत आपला महाराष्ट्रही होता आणि भाषांमध्ये मराठीही होती. पुढे तिचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. काही निवडक वेबसाइट मोफत, बाकी इंटरनेटला मात्र पैसे.

वरवर पाहिलं तर यात वाईट काय? एक उदाहरण घेऊ. बाजाराच्या दिवशी एका व्यापाऱ्याने खेड्यातून नेरला फुकट गाडी सोडली, पण ती त्याने ठरवलेल्या दहा दुकानांपुढेच थांबते. सुरुवातीला लोक खूश होतील. हळूहळू मात्र बाकीची दुकानं ओस पडतील आणि पोरांना वाटेल, बाजार म्हणजे एवढाच. गाडी फुकट होती हे खरं, पण कुठे उतरायचं ते दुसऱ्यानेच ठरवलं होतं.

उलट बाजूचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं. काहीच न मिळण्यापेक्षा थोडं मिळालेलं बरं, असं ते म्हणत. देशभर मोठी चर्चा झाली. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने नियम केला की, कोणती वेबसाइट बघता यावरून डेटाचा दर वेगवेगळा ठेवता येणार नाही. नियम मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. फेसबुकने काही दिवसांतच भारतातून फ्री बेसिक्स मागे घेतलं. विकिपीडिया झिरोसारख्या चांगल्या हेतूच्या योजनेलाही या नियमात जागा उरली नाही.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि स्पर्धेत डेटाचे दर कोसळले. आधी एका जीबीला दोनशेच्या वर रुपये लागत, ते दोनेक वर्षांत दहा-बारा रुपयांच्या आसपास आले. म्हणजे सगळंच इंटरनेट स्वस्त झालं. मग प्रश्न सुटला का? नाही. रोजचा दीड जीबी व्हिडिओ बघण्यात संपतो आणि अभ्यासाच्या वेळी "नेट संपलं" हेच उत्तर उरतं. शिवाय रिचार्जचे पैसे दर महिन्याला सगळ्याच घरांत नसतात.

मोफत आणि मुक्त : दोन वेगळे शब्द

आपल्या मराठीत यासाठी दोन छान शब्द आहेत. पैसे लागत नाहीत ते मोफत. वाचायला, उतरवून घ्यायला, दुसऱ्याला द्यायला आणि दुरुस्त करायलाही परवानगी आहे ते मुक्त.

बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, पण त्यांचे हक्क मंडळाकडे आहेत. विकिपीडियावरचा मजकूर मुक्त आहे. मूळ श्रेय देऊन आणि त्याच अटींवर तो कोणीही छापू शकतो, वाटू शकतो, सुधारू शकतो. म्हणून तर तो इंटरनेटशिवायही मुलांपर्यंत नेता येतो. आपल्यासारख्या तालुक्यात हाच गुण सगळ्यात कामाचा आहे.

आपण काय करू शकतो?

१) किविक्स ॲप : हे मोफत आहे. मराठी विकिपीडियाची फाइल यात एकदा उतरवली की पुढे नेट लागत नाही. तीच फाइल मेमरी कार्डाने दुसऱ्या मोबाईलवर देता येते. चित्रांशिवायची फाइल घेतली तर जागाही कमी लागते. शाळेत वायफाय असेल तर एका दुपारी काम होतं.

२) बालभारती आणि दीक्षा : पुस्तकांच्या पीडीएफ एकदाच उतरवून ठेवा. दीक्षा ॲपवरचे बरेच व्हिडिओसुद्धा आधी उतरवून नंतर नेटशिवाय बघता येतात.

३) मराठी विश्वकोश : वाईला तयार झालेल्या या कोशाचे २० खंड संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. विकिपीडियावर कोणीही लिहितं, त्यामुळे तिथली माहिती विश्वकोशाशी किंवा पाठ्यपुस्तकाशी ताडून बघायची सवय मुलांना लावा.

४) घरात अर्धा तास : पालकहो, मोबाईल घरी आल्यावर आधी अर्धा तास अभ्यासाला, मग बाकीचं. विकिपीडियाचा एखादा लेख वाचायला जेवढा डेटा लागतो, त्याच्या कितीतरी पट एका छोट्या व्हिडिओला लागतो.

५) गावाचं पान : मुलांना मराठी विकिपीडियावर 'नेर' शोधायला सांगा. गावाबद्दल काय लिहिलंय, काय राहिलंय? परसोपंत हे नाव आहे का? पिकं, बाजार, नदी-नाले? जे राहिलं ते छापील आधार शोधून शिक्षकांच्या मदतीने भरता येईल. नुसतं वाचणारं पोर त्या दिवशी लिहिणारं होतं. मात्र मुलांचे फोन नंबर, पत्ते तिथे कधीही टाकू नका.

आणि एक गोष्ट आपल्या शिक्षकांसाठी. सगळ्यांच्या हाती मोबाईल नाही तोवर फक्त ऑनलाइनच होईल असा गृहपाठ देऊ नये. द्यायचाच असेल तर तीन-चार मुलांचा गट करून द्यावा, किंवा ते पान आपणच वर्गात दाखवावं. "नेट संपलं होतं" म्हणताना त्या पोराची मान खाली जाते. ती खाली जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

तुमच्या शाळेत यासाठी काय करता, तेही इतर शिक्षकांना जरूर सांगा.