एक चिप, तीन फोन

खिशातलं यंत्र : लेखांक ७

मागच्या आठवड्यात बॅटरीचे आकडे कसे वाचायचे ते पाहिलं. त्यावर जी पत्रं आली त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच होता: ते सगळं ठीक आहे हो, पण पंधरा हजारांच्या आत ‘पैसा वसूल’ फोन कोणता घ्यायचा ते सांगा. एक नाव सांगून मोकळं व्हायला माझी हरकत नाही. अडचण अशी की मी लिहिणार, ते छापून येणार, तुम्ही दुकानात जाणार, तोवर तो फोन बंद होऊन त्याचा भाऊ आलेला असतो. म्हणून आज बाजारातून केव्हाच निघून गेलेले तीन फोन घेतो. त्यांचं पुढे काय झालं ते आता ठाऊक आहे आणि त्यांची भलामण करण्यात कोणाचाच फायदा नाही.

साल २०१७. आदल्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं होतं आणि डेटा फुकट वाटला जात होता. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, डिसेंबर संपता संपता भीम ॲप आलं. जिओवर साधा कॉलसुद्धा फोरजी डेटावरून जातो, त्यामुळे जुना थ्रीजी फोन असलेल्यांनाही नवा घेणं भाग पडलं. पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणारे आणि दुसऱ्यांदा घेणारे, दोघंही एकाच वेळी बाजारात उतरले आणि दोघांचंही बजेट दहा ते पंधरा हजारांचं होतं.

जानेवारीत शाओमीचा रेडमी नोट ४ आला. सुरुवात ९,९९९ रुपयांपासून, आणि ४ जीबी रॅम व ६४ जीबी जागा असलेला १२,९९९ ला. मार्चमध्ये मोटो जी५ प्लस आला: ३ जीबी रॅम, १६ जीबी जागा, १४,९९९, ४ आणि ३२ हवं असेल तर १६,९९९. सप्टेंबरात शाओमीनेच एमआय ए१ काढला, ४ आणि ६४, तोही १४,९९९. तिघांच्या आत चिप एकच होती, क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ६२५. चिप सारखी असल्याने पैसा कोणी कुठे लावला आणि कुठे कापला, हे या तिघांत लख्ख दिसतं. कमी किमतीच्या प्रत्येक फोनात कुठेतरी कात्री लागलेलीच असते. ती आपल्या गरजेवर लागली आहे का, एवढंच गिऱ्हाइकाने बघायचं.

आधी चिपकडेच पाहू, कारण पहिली तडजोड तिथेच आहे. नोट ४ च्या आधीच्या रेडमी नोट ३ मध्ये स्नॅपड्रॅगन ६५० होती. कागदावर ती जुनी आणि ६२५ नवी. पण ६५० मध्ये दोन ‘ए७२’ कोअर होते, म्हणजे मोठे, ताकदवान. शिवाय चार लहान. ६२५ मध्ये आठही कोअर लहान, ‘ए५३’ जातीचे. या लहान कोअरचं काम रेशनच्या रांगेसारखं चालतं. पुढच्या माणसाचं कार्ड अडलं की मागचे सगळे ताटकळतात. मोठा कोअर अडलेल्याला बाजूला उभं करून मागच्यांचं काम उरकून घेतो. त्यामुळे एखादं जड ॲप उघडताना जुना नोट ३ नव्या नोट ४ पेक्षा चपळ वाटायचा, आणि नोट ३ सोडून नोट ४ घेणाऱ्यांची त्यावर कुरकुरही असायची. आठ कोअर म्हणजे चारच्या दुप्पट वेग, असं दुकानात सांगतात. ते सोडून द्या.

मग सहाशे पंचवीस घेऊन मिळालं काय? ६५० ची जडणघडण २८ नॅनोमीटरची, तर ६२५ ची १४ ची. ट्रान्झिस्टर जितके बारीक तितका त्यांना कमी व्होल्टेज पुरतो, वीज कमी झिरपते, उष्णता कमी. व्हिडिओ कॉल तासभर चालला तरी फोन हाताला चटका देत नाही. त्याला रेडमीने ४,१०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जोडली आणि नेमका तिथे हा फोन जिंकला. सकाळी चार्जरवरून काढलेला फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाले. भारनियमन असलेल्या गावात किंवा रोज अडीच-तीन तास लोकलमध्ये काढणाऱ्याला कोअर मोठा की लहान याच्याशी काय देणंघेणं? संध्याकाळी फोन जिवंत हवा. वेग थोडा सोडून टिकाऊपणा घेतला, ही तडजोड मला त्या किमतीत योग्य वाटते. माझ्या मते नोट ४ मधला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

कात्री लागलेल्या जागा आता. चार्जर साधा, पाच व्होल्ट दोन अँपिअरचा. चिपला जलद चार्जिंग जमत होतं, फोनात ते दिलं नाही. एवढी मोठी बॅटरी भरायला दोन तासांहून जास्त लागत. पिन जुनी मायक्रो-यूएसबी. ती उलटी घुसवायची सवय घरात एकाला तरी असतेच, आणि वर्ष-दीड वर्षात सॉकेट सैल होऊन केबल एका विशिष्ट कोनातच धरावी लागते. त्यातही अर्ध्या वेळा दोष सॉकेटचा नसतो. खिशातला कापसाचा बोळा आत दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी काडीने अलगद काढला की पिन पुन्हा ‘टक्’ करून बसते. दुकानात त्याचे दोनशे रुपये घेतलेले मी पाहिले आहेत.

दुसरी कात्री सिमच्या ट्रेला. ट्रे ‘हायब्रिड’, म्हणजे दुसऱ्या खाचेत एक तर दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड. कागदावर क्षुल्लक वाटतं. पण २०१७ मध्ये निम्म्या महाराष्ट्राकडे एक जुना नंबर होता, बँकेला जोडलेला, आणि एक जिओचा. दोन्ही सिमं घातली की कार्डाला जागा नाही. मग खालच्या मॉडेलच्या ३२ जीबीत काय मावणार? त्यातलं सात-आठ जीबी तर प्रणालीच खाते. उरलेल्यात लग्नाचे व्हिडिओ, बाळाचे फोटो आणि रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर येणारं ‘शुभ प्रभात’. लोकांनी यावर काढलेला तोडगा अस्सल देशी होता: सिमचं प्लास्टिक गरम हवेने सोडवायचं, सोनेरी पापुद्रा तेवढा वेगळा करायचा आणि तो मेमरी कार्डाच्या पाठीवर चिकटवायचा. तीनही चालत. ट्रे आत अडकला की मात्र बोंब. जास्त पैसे देऊन ६४ जीबीचा घेतलेल्यांना हा उपद्व्याप करावा लागला नाही. साठवण नंतर वाढवता येत नाही असं धरूनच फोन घ्यावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

मोटोवाल्यांनी हिशोब उलटा मांडला. बॅटरी ३,००० ची, पडदा ५.५ ऐवजी ५.२ इंच, जागा कमी. वाचलेला आणि वर मागितलेला पैसा लावला कॅमेऱ्यात आणि चार्जरमध्ये. टर्बो चार्जर डब्यातच मिळायचा. कॅमेऱ्याची भिंग-झडप एफ/१.७, रेडमीची एफ/२.०, हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल फोकससाठी दोन अर्ध्यांत विभागलेला. डाव्या अर्ध्याला दिसणारं आणि उजव्या अर्ध्याला दिसणारं जुळलं की फोकस बसला. त्यामुळे मंगल कार्यालयाच्या पिवळ्या उजेडात अक्षता पडताना काढलेला फोटो मोटोत बऱ्यापैकी धरला जायचा आणि रेडमीत हात हलल्यासारखा यायचा. मेगापिक्सेल रेडमीचे १३ आणि मोटोचे १२. मोठ्या आकड्याचा इथे काडीचा उपयोग झाला नाही.

एमआय ए१ मला या तिघांत सर्वांत रोचक वाटतो, आणि तो शाओमीनेच काढला याची गंमतही वाटते. त्यात एमआययूआय, म्हणजे अँड्रॉइडवर चढवलेला शाओमीचा नेहमीचा साज, नव्हता; ‘अँड्रॉइड वन’ होतं. ही गूगलची योजना सप्टेंबर २०१४ मध्ये भारतातच सुरू झाली, मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांच्या साडेसहा हजारांच्या आसपासच्या फोनांनी. तेव्हा ती फारशी रुजली नाही. कल्पना साधी होती: अँड्रॉइड जसं आहे तसं द्यायचं आणि अपडेट वेळेवर पुरवायचे.

अपडेटला उशीर का होतो? गूगल नवं अँड्रॉइड जाहीर करतं. मग चिप बनवणारा आपल्या चिपसाठीचं सॉफ्टवेअर त्याला जुळवून देतो. मग फोन कंपनी स्वतःचा साज चढवते, तपासते आणि पाठवते. या साखळीत स्वस्त फोनाचा नंबर शेवटी लागतो, कारण त्यावर माणसं बसवणं कंपनीला परवडत नाही. अँड्रॉइड ८, म्हणजे ओरिओ, ऑगस्ट २०१७ मध्ये आलं. एमआय ए१ ला ते त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला मिळू लागलं. घाईत इतक्या चुका राहिल्या की जानेवारीत थांबवून ते दुरुस्त करावं लागलं. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ९ ही मिळालं. मोटो जी५ प्लसला ओरिओसाठी वर्षाहून अधिक थांबावं लागलं. आणि रेडमी नोट ४? त्याचं एमआययूआय ८ पासून ११ पर्यंत गेलं, रंगरूप बदलत राहिलं, पण खालचं अँड्रॉइड ७ वरच अडकलं. पडद्यावर ‘अपडेट झाले’ असं दिसत होतं, म्हणून मालक निर्धास्त.

एमआय ए१ चा तोटाही सांगायला हवा. बॅटरी ३,०८० ची. पडदा रेडमीएवढाच, चिप तीच, आणि इंधन पाऊण. घराबाहेर राहणाऱ्याला पॉवर बँक बाळगावी लागे.

आता पैशाकडे. १२,९९९ मध्ये एवढं सगळं देऊन कंपनीला उरत काय होतं? एप्रिल २०१८ मध्ये शाओमीचे संस्थापक लेई जुन यांनी जाहीर केलं की यंत्रांवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. त्याच वर्षी जुलैत कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरली. भागधारकांना यंत्रांवर पाच टक्क्यांत समाधान मानायला लावायचं तर कमाईची दुसरी वाट हवी, आणि ती होती इंटरनेट सेवा, म्हणजे बऱ्याच अंशी जाहिराती. २०१८ मध्ये फोनच्या सेटिंग्जमध्येही जाहिराती दिसतात अशी ओरड झाली. त्या बंद करण्याची सोय होती. परवानग्यांच्या यादीत आत आत जाऊन ‘एमएसए’ नावापुढचं बटण बंद करायचं; मग दहा सेकंद थांबवून तो फोन पुन्हा विचारायचा, नक्की ना? आणि कधीकधी एवढं करूनही बटण आपोआप चालू व्हायचं. मला यात अनैतिक काही वाटत नाही. वाचवलेले दोन हजार गिऱ्हाइकाने नंतर नजरेने फेडले, एवढंच. फक्त हे डब्यावर लिहायला हवं होतं.

स्वस्ताईचं दुसरं कारण विक्रीची पद्धत. दुपारी बारा वाजता ऑनलाइन सेल आणि काही मिनिटांत माल संपला. मध्ये वितरक नाही, दुकानदाराचं कमिशन नाही. २०१७ मध्येच ओप्पोने १,०७९ कोटींना भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव मिळवलं आणि विवोने २,१९९ कोटींना पाच वर्षांसाठी आयपीएलचं प्रायोजकत्व घेतलं. तो खर्च आणि चौकाचौकातल्या निळ्या-हिरव्या पाट्यांचा खर्च फोनच्या किमतीतूनच निघणार. म्हणून त्याच पैशांत दुकानातल्या फोनाची चिप सहसा दुबळी असे. तरीही दुकानातून घेणारा प्रत्येक जण भोळा होता असं मी म्हणणार नाही. तालुक्याच्या गावी डिस्प्ले गेला तर दुकानदाराच्या काउंटरवर फोन ठेवून ‘बघ बाबा याचं’ म्हणता येतं. ऑनलाइन घेतलेल्या फोनासाठी सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी, एक दिवस आणि एसटीचं भाडं गेलं. साठीच्या पुढच्या माणसासाठी फोन निवडताना मी हे भाडं आजही किमतीत धरतो.

आजच्या फोनांना हाच चष्मा लावा. मागे तीन-चार भिंगं दिसतील; त्यांतली २ मेगापिक्सेलची ‘मॅक्रो’ किंवा ‘डेप्थ’ असेल तर ती मोजायचीच नाही, ती शोभेची आहे. ‘८+८ जीबी रॅम’ लिहिलेलं असेल तर दुसरे आठ म्हणजे साठवणीतली उसनी जागा, खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू. साठवण ‘ईएमएमसी’ आहे की ‘यूएफएस’ ते मात्र विचारा. विक्रेत्याला माहीत नसेल तर कंपनीच्या पानावर सापडतं. फोन दोन-तीन वर्षांनी लटकू लागतो त्यात मंद साठवणीचा हात मोठा असतो, आणि वरचे तिन्ही फोन ईएमएमसीवालेच होते. अपडेटच्या बाबतीत मात्र दिवस बदलले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी ए१६ फाइव्हजीला कंपनीने सहा वर्षांचे सुरक्षा अपडेट कबूल केले. त्याची चिप त्याच किमतीच्या इतरांपुढे फिकी आहे आणि गेम खेळणाऱ्या मुलाला मी तो सुचवणार नाही. ज्या फोनावरून महिन्याचं पेन्शन बघायचं आहे आणि यूपीआयने वीजबिल भरायचं आहे, त्यासाठी मात्र मी वेगवान चिपपेक्षा ती सहा वर्षं आधी घेईन.

आणि २०१७ च्या त्या तिघांपैकी? बारा-तेरा हजारच हातात असते तर ६४ जीबीचा नोट ४, डोळे मिटून. पंधरा असते तर एमआय ए१ आणि सोबत एक पॉवर बँक. मोटो फक्त त्याला, ज्याच्या घरात त्या वर्षी लग्न होतं.

पुढच्या आठवड्यात: वापरलेला फोन घेताना बिल, आयएमईआय आणि बदललेला डिस्प्ले कसा ओळखायचा.