पासवर्ड बरोबर, तरी डिस्क उघडत का नाही?

लॅपटॉप रखडायला लागला की ‘ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर त्यानंतर पासवर्ड तोंडपाठ असूनही जुन्या फायली मिळत नाहीत, असं घडू शकतं. ते का?

आपला पासवर्ड फायलींना थेट कुलूप लावत नाही. संगणक स्वतःच एक लांबलचक किल्ली तयार करतो आणि सगळा डेटा तिनेच बंद होतो. ही किल्ली डिस्कवरच एका छोट्या पेटीत असते. पासवर्ड उघडतो ती फक्त पेटी. म्हणून तर पासवर्ड बदलायला काही क्षण पुरतात.

लिनक्सच्या ‘लक्स’ पद्धतीत ही पेटी, म्हणजे हेडर, पार्टिशनच्या अगदी सुरुवातीला असते. ‘लक्स २’मध्ये सहसा १६ एमबीची. इन्स्टॉल करताना ते पार्टिशन फॉरमॅट झालं, की सुरुवातीचाच भाग पुसला जातो. पुढचे शेकडो जीबी जागेवर असूनही मग ते निरर्थक आकडे ठरतात. विंडोजच्या बिटलॉकरमध्ये डिस्क नेहमीसारखी उघडली नाही, तर सुटकेचा मार्ग म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की.

म्हणून आधी फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार उघडून पाहा. लक्स असेल तर हेडरची प्रत काढा, बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. इन्स्टॉलरमध्ये ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय टाळा आणि पार्टिशन स्वतः निवडा. हेडर गेलं आणि प्रत नसेल, तर कोणताही तज्ज्ञ ती किल्ली परत आणू शकत नाही.