पन्हाळ्यावर घर घेतांना

कोल्हापुरांतील सुखवस्तु कुटुंबांत कर्त्या पुरुषाच्या निवृत्तीचे दिवस जवळ येऊं लागले, म्हणजे एक विचार हमखास घोळूं लागतो. शहरांतील गर्दी व गोंगाट सोडावा, पन्हाळ्यावर लहानसें घर घ्यावें आणि उरलेले दिवस मोकळ्या हवेंत घालवावे, असा तो विचार होय. पन्हाळा कोल्हापुरापासून अवघा २० किलोमीटर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ३,००० फुटांहून अधिक. वैशाखांत शहर तापलेलें असतां गडावरचा संध्याकाळचा वारा अंगाला गार लागतो. असा मोह कोणास पडला, तर त्यांत नवल नाहीं. तथापि मोहानें घेतलेलें घर आणि विचारानें घेतलेलें घर यांत अंतर असतें, आणि तें पहिल्या पावसाळ्यांतच ध्यानांत येतें.

सपाटीवरचें शहर चोहोंकडे वाढूं शकतें. डोंगरमाथ्यास ती सोय नाहीं. पन्हाळ्याच्या तटाचा घेर सुमारे ७ किलोमीटर आहे; त्याच्या आंत जेवढी जागा, जेवढें पाणी आणि वर येण्याच्या जेवढ्या वाटा, तेवढ्यांतच सर्वांचें भागलें पाहिजे. म्हणून येथें घर घेणारा मनुष्य केवळ चार भिंती विकत घेत नाहीं. तो गडाच्या पाण्यांत, वाटेंत आणि शेजारांत वांटेकरी होतो. ही गोष्ट नीट उमगली, म्हणजे घर पाहतांना काय काय विचारावयाचें, तें आपोआप सुचूं लागतें.

जुन्या लोकांना ती उमगली होती. हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळीं, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला असें मानतात. पुढें १६६० सालीं सिद्दी जौहरनें गडास वेढा घातला, तो कित्येक महिने टिकला. त्या वर्षींच्या जुलैंत भर पावसांतून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले, तो प्रसंग मराठी मुलांना पाठ असतो. परंतु इतके दिवस गड कशाच्या बळावर लढला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर अंबरखान्यांत व अंधारबावींत आहे. अंबरखान्याच्या कोठारांत हजारों खंडी धान्य सांठवितां येई. अंधारबाव तीन मजली बांधून तिच्या तळाशीं विहीर राखलेली होती, कीं शत्रूचा हात पाण्यापर्यंत पोंचूं नये. किल्लेदाराची पहिली चौकशी पाण्याची, दुसरी धान्याची व तिसरी वाटेची असे. आजच्या घर घेणाऱ्यानेंही हाच क्रम ठेवावा.

पाण्यापासून आरंभ करावा. पावसाळ्यांत या डोंगरावर एवढा पाऊस कोसळतो, कीं पाण्याची चिंता करणें हास्यास्पद वाटावें. परंतु या भागांतील डोंगरमाथ्यांवर जांभ्याचे थर आहेत. जांभा सच्छिद्र असतो. पडलेलें पाणी त्यांतून झिरपून खालीं निघून जातें, आणि माथा मात्र उन्हाळ्यांत कोरडा राहतो. नळाचें पाणी डोंगरावरच्या गांवांना बहुधा पायथ्याकडून यंत्रांनीं चढवावें लागतें. वीज गेली किंवा यंत्र बिघडलें कीं तें खुंटतें. यासाठीं घर पाहावयास जावें तें चैत्र-वैशाखांत, आणि नळ दिवसांतून किती वेळ येतो, याची चौकशी मालकाकडे न करतां शेजारणीकडे करावी. छपराचें पाणी सांठविण्यास घराखालीं टांकी आहे काय, तेंही पाहावें. नसेल, तर तिचा खर्च किंमतींत धरावा.

दुसरी गोष्ट उताराची. जांभ्याखालीं बहुधा चिकण मातीचा थर असतो. वरून मुरलेलें पाणी त्यावर अडतें, माती निसरडी होते, आणि वरचा भार खालीं सरकूं लागतो. २०२१ च्या जुलै महिन्यांत अतिवृष्टीनें पन्हाळ्यास जाणारा मुख्य रस्ता खचला व त्यावरील वाहनांची ये-जा बंद पडली. जेथें रस्ता खचतो, तेथें घरही खचूं शकतें. दरीकडे पाहणारी गच्ची फार मोहक दिसते. परंतु त्या गच्चीखालची भिंत पुढें फुगली आहे काय, तिच्यांत पाणी निघून जाण्यास छिद्रें ठेविलीं आहेत काय, अंगणांत लांबट भेगा आहेत काय, उतारावरचीं झाडें एकाच दिशेस कललीं आहेत काय, हें आधीं पाहावें. पश्चिमेकडील भिंतींवर पावसाची झड बसते. तिकडे ओल किती उंच चढली आहे, तें रंगाच्या नव्या हाताखालींही जाणत्या गवंड्यास ओळखतां येतें. असा एक गवंडी बरोबर न्यावा. त्याची एका दिवसाची मजुरी पुढें कित्येक पटींनीं वसूल होते.

तिसरी गोष्ट कागदांची. विकणारा सज्जन आहे, एवढ्यावर व्यवहार करणें हा भोळेपणा होय. सज्जनाच्या नांवावरही जमीन पुरती नसूं शकते. जेथें शहर भूमापन झालें आहे, तेथें मिळकत पत्रिका व इतरत्र सातबारा पाहावा, त्यामागचे फेरफार वाचावे, आणि वकिलाकडून मागील ३० वर्षांचा शोध घेववावा. मिळकत वडिलोपार्जित असेल, तर भावांच्या सह्या झाल्या आणि बहिणींच्या राहिल्या, असा प्रकार वारंवार घडतो. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबांतील मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला आहे, याचा विसर पडूं देऊं नये. भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल, तर सरकारी परवानगीवांचून जमीन हस्तांतरित होत नाहीं. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर मालकी मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे. खरेदीखत झाल्यावर चार महिन्यांच्या आंत तें नोंदणीसाठीं दाखल केलें पाहिजे.

गडावर जागा मिळत नाहीं म्हणून पुष्कळ लोक पायथ्याच्या गांवांतील शेतजमिनीकडे वळतात. तेथें आणखी सावध असावें. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणें जो शेतकरी नाहीं, त्याला परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. शिवाय सामाईक सातबाऱ्यावर नांव लागलें, म्हणजे आपला तुकडा ठरला असें होत नाहीं. हद्द मोजणीनें व वांटणीनें ठरते, विकणाऱ्याच्या बोटानें नव्हे.

पन्हाळ्यास एक बंधन इतर गांवांहून निराळें आहे. येथील तट व अनेक वास्तू संरक्षित स्मारकें आहेत. २०१० सालीं दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणें अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम करतां येत नाहीं. त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. प्रतिबंधित टापूंतील जुन्या घराची दुरुस्तीसुद्धां परवानगीवांचून करतां येत नाहीं. एवढ्याशा गडावर ही अंतरें कोठकोठें पोंचतात, याचा अंदाज नकाशा पुढें घेतला कीं येतो. म्हणून ‘जुनें घर स्वस्तांत घ्यावें, पाडावें आणि टोलेजंग बंगला उठवावा’, हा बेत येथें बहुधा कागदावरच राहतो. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली. त्यांत पन्हाळा आहे. हा मान मोठा आहे. परंतु पिढ्यान् पिढ्या गडावर नांदणाऱ्यांस आपल्या घराची कौलें परततांना काय काय विचारावें लागेल, अशी धास्ती वाटली, तर तिलाही हंसूं नये.

अशीं बंधनें केवळ पन्हाळ्यासच आहेत असें नाहीं. महाबळेश्वर १८२८ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या वेळीं वसूं लागलें. तेथील पुष्कळ बंगल्यांखालची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे. तेथें बंगला घेणाऱ्यास पट्ट्याची मुदत व अटी पाहाव्या लागतात. महाबळेश्वर-पांचगणीचा टापू २००१ सालीं व माथेरानचा २००३ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यांत आला. माथेरानांत तर खासगी मोटार गांवांत नेतांच येत नाहीं. डोंगर ज्यांना हवेसे वाटतात, त्यांनीं डोंगराचे नियमही अंगीं लावून घ्यावे, हेंच यांतून निष्पन्न होतें.

यापुढील विचार वयाचा. साठीच्या उंबरठ्यावर घर घेणाऱ्यानें तें पंच्याहत्तरीस कसें पडेल, हें पाहिलें पाहिजे. गडावर नित्याचा किराणा मिळतो, साधें औषध मिळतें. परंतु छातींत कळ आली, तर कोल्हापूरच गांठावें लागतें, आणि श्रावणांतल्या रात्रीं धुक्यांतून घाट उतरणें तरुणासही सोपें नसतें. घरांत पायऱ्या किती, दारापर्यंत मोटार येते काय, रात्रीं हाक ऐकणारा शेजार आहे काय, हे प्रश्न हवापाण्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

आणि शेजाराचा प्रश्न आला, म्हणजे सर्वांत नाजूक गोष्ट निघते. पन्हाळा हें केवळ सहलीचें ठिकाण कधींच नव्हतें. १७८२ सालीं राजधानी कोल्हापुरास हलेपर्यंत राज्यकारभार येथून चाले. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ सालीं येथेंच झाला. आज हें राज्यांतील अगदीं लहान नगरपालिकांपैकीं एक गांव आहे. २००१ च्या जनगणनेंत येथें सुमारे ३,४५० माणसें होतीं. २०११ मध्यें तीं सुमारे ३,१०० भरलीं. बाहेरचा पैसा आला कीं जागेचे भाव चढतात. चढत्या भावानें कोणी जुना रहिवासी घर विकून खालीं जातो. आणि त्याच्या जागीं जो बंगला उभा राहतो, त्याच्या दारास वर्षांतील बहुतेक दिवस कुलूप असतें. कुलपाला शेजार नसतो. बंद घरें वाढलीं, म्हणजे दुकानास गिऱ्हाईक राहत नाहीं, शाळेंत मुलें राहत नाहींत, आणि ज्या निवांतपणासाठीं घर घेतलें, त्याची जागा उजाडपणा घेतो. अशा गांवांत राहणारा एकाकी म्हातारा किती सुखी असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

म्हणून ज्यास खरोखर राहावयाचें आहे, त्यानें घर घेण्यापूर्वीं एक आषाढ व एक श्रावण भाड्याच्या घरांत काढावा. कपडे आठ आठ दिवस वाळत नाहींत, भिंतींवर बुरशी येते, दुपारींच दिवा लावावा लागतो, आणि पर्यटकांची गर्दी रविवारीं दाराशीं येऊन उभी राहते. एवढें सोसूनही पाय तेथेंच रमले, तर खुशाल खरेदी करावी. ज्यास केवळ मे महिन्याचे पंधरा दिवस हवे आहेत, त्यानें पंधरा दिवसांचें भाडें द्यावें. त्यांत त्याचाही फायदा आहे आणि गडाचाही. घेतलेलें घर मात्र उघडें ठेवावें, तेथील वाण्याकडून सामान घ्यावें, तेथल्याच सुताराला व गवंड्याला काम द्यावें आणि पाणी शेजाऱ्याइतकेंच वापरावें. गडावरचें घर टिकतें तें गड नांदता राहिल्यानें, आणि गड नांदता ठेवणें हें त्यावर घर घेणाऱ्या प्रत्येकाचें काम आहे.