कचरा टाकायचा कोठे?

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे गाव तुम्हांला कवी केशवसुतांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असेल. गावाच्या पश्चिमेला समुद्र आहे. किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या बागा आणि घरे आहेत. घरांच्या मागची चढण चढून गेले की लागतो जांभ्या दगडाचा सपाट सडा. अशी कल्पना करा, की मालगुंड आणि शेजारच्या गावांचा कचरा टाकण्यासाठी जागा निवडायची आहे आणि हे काम तुमच्यावर सोपवले आहे. तुम्ही कोणती जागा निवडाल?

पुष्कळ जण सड्याकडे बोट दाखवतील. तेथे घरे नाहीत, बागा नाहीत, आठ महिने नुसता उघडा कातळ! एखादी सोडून दिलेली चिरेखाण असेल तर खड्डाही आयताच मिळेल. पण जरा थांबा. जांभ्याचा एक चिरा हातात घेऊन नीट पाहा. त्यात असंख्य लहानमोठी भोके दिसतील. शिवाय कातळाला भेगाही असतात.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच. सड्यावरचे काही पाणी वाहून जाते, तर काही या भोकांतून व भेगांतून खाली उतरते. जांभ्याच्या खाली बहुधा चिकणमातीचा थर असतो. पाणी त्यातून सहजी जाऊ शकत नाही. मग ते त्या थरावरून आडवे सरकते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पायथ्याच्या विहिरींनाही तेच पाणी मिळते. म्हणजे सडा ही ओसाड जागा नसून खालच्या वाड्यांची पाण्याची टाकीच आहे!

या टाकीवर कचरा टाकला तर काय होईल? ओला कचरा कुजतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपताना कुजलेले पदार्थ, क्षार आणि जुन्या विद्युत्‌घटांतील धातू आपल्याबरोबर घेते. असे काळे, दुर्गंधीयुक्त पाणी विहिरीपर्यंत पोहोचले की विहीर निकामी होते. ही केवळ कल्पना नाही. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले आणि गावकऱ्यांना टँकरची वाट पाहावी लागली.

मग किनारा बरा का? तेथील वाळूतून पाणी जांभ्यापेक्षाही सहज उतरते. शिवाय उधाणाचे पाणी कचरा समुद्रात ओढून नेईल, ते वेगळेच.

यासाठीच भारत सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांत अशा जागेसाठी अंतरे ठरवून दिली. नदीपासून १०० मीटर. तळे, महामार्ग, वस्ती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर. आणि विमानतळापासून २० किलोमीटर. विमानतळाचा कचऱ्याशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. कचऱ्यावर घारी-कावळे जमतात आणि ते विमानावर आदळू शकतात. म्हणून हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजा, रस्त्याने नव्हे. पक्षी काही रस्त्याने उडत नाहीत!

पण नुसते अंतर पुरत नाही. त्याच नियमांत कचऱ्याच्या तळाशी जाड प्लास्टिकचे अस्तर आणि त्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर सांगितला होता. या मातीतून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोट्यंशाहून अधिक वेगाने जाता कामा नये. आता गणित करा. ९० सेंटिमीटर उतरायला ९० कोटी सेकंद लागतील. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात. म्हणजे या वेगाने पाण्याला तो थर ओलांडायला सुमारे २८ वर्षे लागतील!

हा फरक तुम्हांला वर्गातही पाहता येईल. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांचे बूड कापा. तोंडाला फडके बांधून त्या उलट्या टांगा. एकीत जांभ्याचे खडे भरा, दुसरीत ओली चिकणमाती घट्ट दाबून बसवा. दोन्हींत लाल शाईचे पाणी ओता आणि खालच्या पेल्यांत काय जमते ते घड्याळ लावून पाहा.

तेव्हा जागा निवडताना पहिला प्रश्न 'येथे कोण राहते?' एवढाच नसावा. 'येथील पाणी कोठे जाते?' हेही विचारले पाहिजे. खाली विहिरी नाहीत, भूजल खोल आहे आणि चिकणमातीचा जाड थर आहे, अशी जागा प्रत्येक गावात सापडेलच असे नाही. ती अनेक गावांना मिळून शोधावी लागेल.

तोवर एक उपाय मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. ओला कचरा वेगळा काढून परसातच त्याचे खत करावे. यवतमाळ जिल्ह्यातील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी शोधलेली खताची पद्धत त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. ओला कचरा घरीच जिरला, तर काळे पाणी मुळातच कमी होईल आणि कचऱ्याला जागाही थोडी पुरेल.

तुमच्या गावचा कचरा आज कोठे पडतो? आणि त्याच्या उतारावर कोणाची विहीर आहे? या सुट्टीत नकाशा घेऊन स्वतः पाहून या.